मोदकाच्या कळ्या आणि सातवा मणका

नसांचे प्रश्न : वाचकांची पत्रं, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, स.न.वि.वि. मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ३६. दोन वर्षांपासून उजवा हात त्रास देतोय. फळ्यावर चार ओळी लिहून होईपर्यंत करंगळीत आणि शेजारच्या बोटात मुंग्या येतात, आणि कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूने ठणका लागतो. मुलीची वेणी घालताना मधेच हात खाली घ्यावा लागतो. गेल्या गणपतीत मोदक करायला बसले. पारी छान झाली, पण कळ्या पडेनात. अंगठा बोटासमोर येऊन चिमूट धरतच नव्हता. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, मी करते. मला रडू आलं.

मानेचा पट्टा झाला, दहा दिवस ट्रॅक्शन झालं, बी-१२ची इंजेक्शनं झाली. मानेच्या एमआरआयमध्ये ‘सी ५-६ची (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली) गादी किंचित पुढे’ असं आलं. मग नसांची तपासणी केली, त्यात ‘मिडियन नस मनगटात दबली आहे’ असं लिहिलं आणि मनगटाच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली. त्याआधी सहज एका फिजिओथेरपिस्ट ताईंना दाखवलं. त्यांनी माझी नाडी धरून मान वळवायला लावली आणि मानेचा साधा एक्स-रे काढून आणा म्हणाल्या. त्यात मानेला दोन्ही बाजूंनी जास्तीची बरगडी निघाली! घरात सगळे घाबरलेत. मनगटाचं ऑपरेशन करू का? बरगडी काढावीच लागते का? जन्मापासून होती तर दुखायला आत्ताच कशी लागली? आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीलाही हे असेल का? रिपोर्टच्या प्रती आणि दोन्ही हातांचा फोटो जोडला आहे.

उत्तर : बाई, सगळ्यात आधी मनगटाच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकला. मी तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही पाठवलेली पानं आणि तो फोटो पाहून मला राहवलं नाही.

फोटोबद्दल आधी बोलते. तुम्ही दोन्ही तळहात जेवणाच्या टेबलावर उताणे ठेवून फोटो काढलाय, उजेड खिडकीकडून एका अंगाने येतोय. फार छान काढलाय, आमच्या शिकाऊ डॉक्टरांनाही असा जमत नाही. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी जी मांसल गादी आहे ती गोल, भरलेली दिसते. उजव्या गादीच्या बाहेरच्या कडेला मात्र सावली पडलीये. तिथे खळगा आहे. अंगठा तळहातापासून वर उचलणारा छोटा स्नायू तिथे असतो आणि तो झिजलाय. मोदकाची कळी पाडताना अंगठा आधी उचलला जातो, मग बोटासमोर येतो. तुमचा अंगठा उचललाच जात नाही, म्हणून कळी पडत नाही. सासूबाईंना सांगा, हात थकलेला नाही.

आता, अंगठ्याची ही गादी झिजली की बहुतेक डॉक्टर मनगटाकडे बघतात, आणि शंभरातल्या बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. मिडियन नस मनगटातल्या अरुंद बोगद्यात दबते आणि गादी सुकते. पण मग मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात यायला हव्यात. तुमच्या मुंग्या करंगळीत आहेत. करंगळी मिडियन नसेच्या हद्दीतच येत नाही! तुमच्या रिपोर्टचं दुसरं पान बघा. मिडियन नसेचा स्नायूकडे जाणारा सिग्नल लहान आलाय, म्हणून खाली ‘मनगटात दबली’ असा शेरा. पण त्याच नसेचा तर्जनीचा संवेदनेचा सिग्नल अगदी ठणठणीत आहे, आणि मनगट ओलांडायला लागणारा वेळही वाढलेला नाही. उलट करंगळीचा संवेदनेचा सिग्नल खालावलाय. हे तीन आकडे एकत्र वाचले तर मनगट निर्दोष सुटतं.

हे कसं, ते आमच्या मिरजेच्या भाषेत सांगते. कोल्हापूरची गाडी आणि बेळगावची गाडी मिरजेपर्यंत वेगवेगळ्या रुळांवरून येते, पुढे पुण्याला जायला रूळ एकच. किर्लोस्करवाडीला रूळ उखडला तर दोन्हीकडची माणसं पुण्याला पोचत नाहीत. पण जयसिंगपूरला उखडला, तर बेळगावची माणसं पुण्यात वेळेवर उतरतात आणि कोल्हापूरची येतच नाहीत. मनगट म्हणजे किर्लोस्करवाडी. अंगठ्याच्या गादीला जाणारे तंतू कोल्हापूरचे, म्हणजे मानेतून सगळ्यात खालून निघणारे. तर्जनीच्या कातडीचे तंतू बेळगावचे, वरच्या मुळांतून येणारे. मिडियन नसेत ते एकत्र प्रवास करतात. तुमच्याकडे बेळगाव व्यवस्थित पोचतंय, कोल्हापूर अडकलंय. आणि करंगळी, हाताची आतली कड? तीही कोल्हापूरचीच प्रवासी, फक्त मिरजेत उतरून पंढरपूरची गाडी धरणारी. तेव्हा रूळ जयसिंगपूरला उखडलाय, म्हणजे मान आणि काखेच्या मधे कुठेतरी.

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की ठणका कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूने असतो. ते वाक्य मला सगळ्या रिपोर्टांपेक्षा मोलाचं वाटलं. कोपरात अल्नर, म्हणजे करंगळीकडे जाणारी, नस दबली तरी करंगळी बधिर होते, पण तो बधिरपणा मनगटाच्या घडीपाशी थांबतो, कारण आतल्या कडेच्या कातडीची नस वेगळी असते आणि ती दंडाच्याही वरून निघते. माझ्याकडे आलात तर मी काडेपेटीतली मोडकी काडी घेऊन करंगळीपासून कोपराकडे टोचत टोचत येईन आणि विचारीन, इथे बोथट लागतंय का? मनगट ओलांडून बोथटच राहिलं तर आम्ही वर बघतो. आतल्या कडेच्या या कातडीच्या नसेची वेगळी चाचणीही होते, पण मुद्दाम सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. पुढच्या तपासणीला दोन्ही हातांच्या या नसेची तुलना मागून घ्या.

मी हे एवढ्या ठामपणे सांगते, त्याला कारण माझीच एक चूक आहे. १९९९ साली कृष्णाकाठच्या एका गावातली पंचविशीतली मुलगी माझ्याकडे आली होती. रोज डोक्यावर वैरणीचा भारा, उजवा हात वर करून तो धरलेला. अंगठ्याची गादी सुकलेली. मी चाचणी केली, ‘मनगट’ असं लिहून दिलं, ऑपरेशन झालं. आठ महिन्यांनी ती परत आली, हात आणखी बारीक. तेव्हा मला तिच्या करंगळीबद्दल विचारायचं सुचलं. मानेचा एक्स-रे काढला तर सातव्या मणक्यातून गवताच्या पात्यासारखं एक हाड बाहेर आलेलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि बंब घेऊन गेलेली मीच. त्या दिवसापासून अंगठ्याची गादी सुकलेला माणूस समोर आला की मी आधी करंगळीचं विचारते.

आता तुमचे प्रश्न.

ही बरगडी येते कुठून? आपल्या मानेत सात मणके. जिराफाच्या लांब मानेतही सातच. बरगड्या त्याच्या खाली, छातीच्या पहिल्या मणक्यापासून सुरू होतात. काही जणांत मानेच्या सातव्या मणक्यालाही बरगडी फुटते, कधी नुसता लांब काटा, कधी पूर्ण हाड. शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना ती असते. बायकांत थोडी जास्त, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना. त्यातल्या बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. छातीचा एक्स-रे काढताना दिसते आणि डॉक्टर फाइल मिटवतात, तेच योग्य. तुमची डावी बरगडी काहीच बोलत नाहीये ना? तिच्या वाटेला कोणी जाऊ नये.

उजवीकडचा घोटाळा असा. मानेच्या बाजूला दोन स्नायू वरून खाली पहिल्या बरगडीवर उतरतात. त्या दोघांच्या मधल्या त्रिकोणी फटीतून हाताच्या सगळ्या नसांची जुडी आणि मोठी रोहिणी बाहेर पडते आणि कॉलरबोनच्या, आमची आजी ज्याला हासळी म्हणायची त्याच्या, खालून हातात जाते. पहिली बरगडी हा त्या दाराचा उंबरा. जास्तीची बरगडी आली की उंबरा उंच होतो, आणि जुडीतली सगळ्यात खालची नस त्यावरून चढून जाते. पुष्कळदा हाड आखूडच असतं, पण त्याच्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत एक चिवट तंतूंचा पट्टा ताणलेला असतो, तो एक्स-रेत दिसत नाही. खरा त्रास तोच देतो. तारेवर ओला टॉवेल टाकला की वाळल्यावर घडीवर वळ राहतो ना, तसा वळ नसेवर पडतो.

आत्ताच का? हाड जन्मापासूनचं, पण खांदे जन्मापासून सारखे राहत नाहीत. तिशीनंतर खांदे हळूहळू ओघळतात, हात खाली ओढला जातो आणि नस त्या कडेवर अधिक ताणली जाते. त्यात तुमच्या कामाची भर. फळ्यावर लिहिणं, वह्यांचे गठ्ठे नेणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, एसटीत उभं राहून वरचा दांडा धरणं. अपघातात मानेला हिसका बसल्यावरही सुरू झालेलं पाहिलंय.

ही गोष्ट नवी नाही. लंडनमध्ये होम्स कूट यांनी अशी बरगडी १८६१ मध्येच काढली होती. आज या सगळ्या भानगडीला ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ म्हणतात, ते नाव १९५६चं, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधलं. आणि अंगठ्याची गादी सुकलेली पण बधिरपणा करंगळीकडचा, हे तुमच्या हाताचं कोडं १९७० मध्ये रॉजर गिलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडलं. अशा हाताला आम्ही ‘गिलियट-समनर हात’ म्हणतो. (हेच गिलियट १९६० मध्ये ब्रिटनच्या राजकन्या मार्गारेटच्या लग्नात नवरदेवाशेजारी ‘बेस्ट मॅन’ म्हणून उभे होते. परीक्षेत याला गुण नाहीत, पण विद्यार्थ्यांना नाव पाठ होतं.)

तुमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंचं कौतुक करायला हवं, एक्स-रे त्यांनीच मागितला. मात्र मान वळवल्यावर नाडी जाते की नाही या परीक्षेवर मी फार विसंबत नाही. धडधाकट माणसांचीही नाडी त्यात जाते. त्याऐवजी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत उचलायचे, कोपर काटकोनात, आणि तीन मिनिटं मुठी हळूहळू उघड-मीट करायच्या. या आजाराच्या माणसाचा हात मिनिटभरात जड होतो, मुंग्या येतात आणि आपोआप खाली येतो. यालाही चुका आहेत, पण निदान यात तुमचा रोजचा फळा आहे.

बरगडी काढावी लागते का? नुसतं दुखत असतं आणि स्नायू शाबूत असता, तर मी म्हटलं असतं, चार-सहा महिने चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जा, खांदे उचलून धरणारे स्नायू घट्ट करा, वजन उचलणं थांबवा आणि मग बघू. असे दुखणारे हात पुष्कळ असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची बरगडी उगाच काढली जाते. पण तुमची गादी झिजतीये. तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. न्यूरॉलॉजिस्टकडून निदान पक्कं करून घ्या, मानेच्या या भागाचा एमआरआय मागा, आणि हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या सर्जनला भेटा. कॉलरबोनच्या वर छेद घेऊन तो पट्टा कापतात, जास्तीचं हाड काढतात, गरज पडली तर स्नायूही सोडवतात. सर्जनला हे मात्र स्पष्ट विचारा : तुम्ही वर्षाला अशी किती करता? फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडलं तर काय करता? श्वासपटलाकडे जाणारी नस तिथेच शेजारून जाते, तिला धक्का लागण्याचा धोका किती? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

आणि एक अप्रिय गोष्ट आधीच सांगून ठेवते. ऑपरेशननंतर ठणका आणि मुंग्या बऱ्यापैकी जातात, पण सुकलेली गादी क्वचितच पूर्ण भरते. आहे ते वाचवणं हा हेतू. कळ्या पाडायला कदाचित डावा हात शिकवावा लागेल.

तोवर ट्रॅक्शन बंद, पट्टा काढून ठेवा. फळ्यावर खांद्याच्या वर लिहू नका, वरचा अर्धा फळा मुलांकडून लिहून घ्या, त्यांना ते आवडतंच. कपड्यांना घडीचा स्टँड घ्या. पर्स उजव्या खांद्यावर नको. वेणी घालताना मुलीला पाटावर खाली बसवा, म्हणजे तुमचे हात छातीच्या खालीच राहतील.

एमआरआयमधली ती ‘किंचित पुढे आलेली गादी’ विसरून जा. छत्तिसाव्या वर्षी पुष्कळांची असते, आणि सी ५-६ करंगळीला त्रास देत नाही.

मुलीचं काय? तिला दुखत नसेल तर एक्स-रे नको. काही घरांत एकाहून जास्त जणांना अशी बरगडी असते, पण तिची बरगडी शोधून तुमच्या हाती फक्त काळजी लागेल.

जाता जाता, याच वळणाच्या तक्रारी असलेल्या इतर वाचकांसाठी. बोटं पांढरी-निळी पडून गार होत असतील, टोकांवर काळे ठिपके येत असतील, किंवा हात एकाएकी सुजून निळा पडला, तर ते रक्तवाहिनीचं दुखणं आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा खांदा रात्रंदिवस दुखत असेल आणि त्याच बाजूची पापणी खाली उतरली असेल, तर आधी छातीचा एक्स-रे, कारण फुप्फुसाच्या टोकाची गाठ याच नसांना धरते. आणि आपल्या भागात करंगळी बधिर आणि हात सुकलेला दिसला की मी कोपराच्या मागे बोट फिरवून बघते. नस सुतळीसारखी जाड लागली आणि अंगावर फिकट, बधिर चट्टा असला तर तो कुष्ठरोग असू शकतो. लाजू नका, सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात आणि आजार बरा होतो.

प्रश्न : मॅडम, माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, कोल्हापुरात तालमीत असतो. वर्षभरात त्याचा उजवा पंजा आणि पुढचा हात बारीक झालाय. दुखत नाही, मुंग्या नाहीत. थंडीत गार पाण्याने आंघोळ केली की बोटं लुळी पडतात. वस्ताद म्हणतात नस सरकलीये, चोळून घे. मानेचा एमआरआय नॉर्मल आलाय. तुमच्या आधीच्या एका उत्तरात नस दबण्याबद्दल वाचलं म्हणून विचारतो.

उत्तर : चोळणं थांबवा, आणि एमआरआय परत करा, पण मान पुढे वाकवून. साधा एमआरआय उताणं झोपवून मान सरळ ठेवून काढतात, त्यात हे दिसत नाही. विशीच्या आसपासच्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, मान वाकवली की मज्जारज्जूचं आवरण पुढे सरकून मज्जारज्जूला चेपतं आणि हाताचे स्नायू झिजतात. जपानच्या हिरायामांनी १९५९ मध्ये याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो, आणि आपल्याकडेही तो दिसतो. थंडीत बोटं लुळी पडणं ही त्याची खूण. निदान खरं ठरलं तर इथे मानेचा पट्टा खरोखर कामाचा आहे, कारण तो मान वाकू देत नाही. आजार बहुतेक वेळा काही वर्षांनी स्वतःच थांबतो, पण तोवर जितका स्नायू वाचेल तितका आपला. न्यूरॉलॉजिस्टनी पाहीपर्यंत मानेवर जोर येणारी कुस्ती बंद. वस्तादांना माझं नाव सांगा, वाटल्यास मी फोनवर बोलते.

प्रश्न : माझं वय ५२. रात्री दोन-तीन वाजता उजव्या हाताच्या बोटांना जाग येईल इतक्या मुंग्या येतात. उठून हात झटकला की बरं वाटतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. गेल्या अंकातला लेख वाचून मला मानेच्या बरगडीची शंका येतेय. एक्स-रे काढू का?

उत्तर : नको. करंगळी झोपलीये, तर्जनी जागी होते, हात झटकला की सुटतं. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी लावून झोपा, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, महिन्याभरात फरक नाही पडला तर नसांची तपासणी करा. तुमचं मात्र मनगटच आहे.